गॅस गिझर पेटतो आणि मिनिटाभरात विझतो. नेमकं काय बघायचं?

स्नेहा_मुलुंड:

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. पाइपच्या गॅसवर चालणारा सहा लिटरचा इन्स्टंट गिझर आहे, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर बसवलेला. घेतल्यापासून एका पैशाचा त्रास नव्हता. नवरात्रानंतर मात्र त्याने छळ मांडलाय. नळ सोडला की टकटक करून पेटतो, कढत पाणी येऊ लागतं, आणि सासूबाईंच्या डोक्याला साबण असतानाच फुस्स. नळ बंद करून परत सोडला तर कधी पेटतो, कधी नुसताच टकटकत राहतो. जरा वेळ गेला की शहाण्यासारखा पुन्हा सुरू.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्या स्टुलावर बसून हँडशॉवरने आंघोळ करतात, त्यासाठीच नवा हँडशॉवर लावून घेतला. त्यामुळे "बादली भरून ठेवा" हा सल्ला कृपया देऊ नका, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

सेल नवे टाकून झालेत. स्वयंपाकघरातली शेगडी मस्त निळी जळते, म्हणजे गॅसचा प्रश्न नसावा. दोन मेकॅनिक येऊन गेले. पहिल्याने झाकणसुद्धा न उघडता "सर्किट गेलंय" म्हणून अडीच हजार सांगितले. दुसऱ्याने निदान झाकण उघडलं, दोन मिनिटं आत टॉर्च मारली आणि म्हणाला, "मॅडम, सेन्सर बायपास करून देतो. दोनशे द्या, परत कधी विझणार नाही." ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. त्याला चहा पाजून वाटेला लावला.

एक गोष्ट लक्षात आली ती सांगते, कामाची आहे की नाही माहीत नाही. सकाळी सहाला मिस्टरांची आंघोळ होते, त्यांना बादली आणि तांब्याच लागतो. तेव्हा गिझर एकदाही विझत नाही. अकराच्या सुमाराला सासूबाई जातात, तेव्हा हटकून विझतो. मी त्या वेळी बँकेत काउंटरवर असते आणि घरून फोन येतो, "गेलं गं परत." मिस्टरांचं मत असं की तुम्हा बायकांनाच तो वापरता येत नाही. त्यावर इथे काही लिहीत नाही.

सर्किट बदलू का? की आधी आणखी काही तपासायचं?

ठाणेकर_सम्या:

सेल कुठले टाकलेत ताई? आमच्याकडे भावाने शहाणपणा करून रिचार्जेबल टाकले होते. ते १.२ व्होल्टचे असतात, दोनांचे मिळून २.४ होतात, गिझरला ३ लागतात. ठिणगी पडायची पण पुढे दम नसायचा. साधे अल्कलाइन टाका, आणि सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगा बघा. पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवट-पांढरं येतं, ते खरवडलं की अर्धी दुखणी जातात.

भांडुपचा_जुगाडू:

बायपासला एवढं काय घाबरताय? माझ्याकडे कधीपासूनचा बायपासच आहे, आजपर्यंत काही झालेलं नाही. हे सेन्सर कंपन्या मुद्दाम नाजूक ठेवतात, सर्व्हिसिंगचा धंदा चालावा म्हणून. दोनशेत काम होत होतं ताई, उगाच घालवलंत त्याला.

बॉयलरवाले_काका:

स्नेहाताई, त्या दुसऱ्या मेकॅनिकला वाटेला लावलंत ते झकास केलंत. भांडुपकर, तुमच्याकडे शेवटी येतो.

माझी नोकरी रबाळे-तुर्भे पट्ट्यात गेली, इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून. रात्रपाळीला बॉयलरचा बर्नर ट्रिप झाला की ऑपरेटरचा फोन यायचा, "काका, फ्लेम गेली." माझा प्रश्न ठरलेला असायचा, "गेली, का घालवली?" वाऱ्याने, गॅस कमी पडल्याने ज्योत आपणहून जाणं वेगळं, आणि कंट्रोलरने गॅस तोडून ती घालवणं वेगळं. तुमचं वाचून मला तरी वाटतंय की तुमची ज्योत कोणीतरी घालवतंय. कोण, ते घड्याळ बघून कळेल.

आत काय चालतं ते आधी सांगतो. पाणी वाहू लागलं की आतला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, एक बारीक दांडी पुढे ढकलतो, ती मायक्रोस्विच, म्हणजे एक छोटं बटण, सोडवते. मग सेलचे तीन व्होल्ट सर्किटला मिळतात, ठिणग्या पडतात, सोलेनॉइड, म्हणजे गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, उघडतो, गॅस येतो आणि पेटतो. बर्नरच्या तोंडाशी पिना दिसतील. एक ठिणगीची. दुसरी ज्योतीत घुसलेली असते, ती ज्योत आहे की नाही ते बघते. ज्योतीतून अगदी नखभर, मायक्रोअँपियरमध्ये मोजायचा करंट जातो. तो सर्किटला मिळाला नाही, की ते काही सेकंदांत गॅस बंद करतं. याखेरीज गरम पाण्याच्या तांब्याच्या पाइपला टिकलीएवढा एक थर्मोस्टॅट चिकटवलेला असतो. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की तोही गॅस तोडतो, आणि निवला की गुपचूप पुन्हा जोडतो. बऱ्याच गिझरना वीस मिनिटांचा टायमरही असतो. बाथरूममध्ये कोणी बेशुद्ध पडलं तर आग जळत राहू नये म्हणून.

आता घड्याळ. पेटून पाच-सात सेकंदांत विझत असेल तर ज्योत बघणाऱ्या पिनेवर संशय. तिच्यावर काजळी बसते, नाहीतर कोणाचा तरी धक्का लागून ती ज्योतीबाहेर वाकते. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच पुसली की काम होतं, सर्किट-बिर्किट बदलावं लागत नाही. बरोब्बर वीस मिनिटांनी विझत असेल तर बिघाड नाहीच. कोणी फ्लश ओढला, मशीन लावलं की विझत असेल, तर पाण्याचा दाब. तुम्ही शेवटच्या मजल्यावर. टाकीचा तळ तुमच्या शॉवरच्या वर तीन मीटर धरला तर दाब जेमतेम ०.३ बार. डायफ्रॅम तेवढ्यावर कसाबसा तग धरतो, दुसरा नळ उघडला की बसतो. एक्झॉस्ट फॅन लावल्यावर विझत असेल तर हवेची भानगड.

तुमचा यातल्या कशातच बसत नाही. तो मिनिटभर चालतो, पाणी कढत होतं, मग जातो, थोड्या वेळाने आपोआप येतो. आणि सकाळी सहाला नीट चालतो. हे मला थर्मोस्टॅटचं काम दिसतंय, आणि थर्मोस्टॅट बिघडलाय असंही वाटत नाही. तो त्याचं काम इमानेइतबारे करतोय. गिझरमधून पाणी कमी जातंय म्हणून ते जास्त तापतंय. सहाला बादलीचा नळ, अकराला हँडशॉवर, एवढाच फरक आहे ना?

खात्री करून घ्या. दहा लिटरची बादली घ्या. आधी खालचा नळ, फक्त गरम, पूर्ण सोडून बादली किती वेळात भरते ते मोबाइलवर बघा. मग तीच बादली हँडशॉवरने भरा, परत फक्त गरम पूर्ण सोडून, थंड अजिबात मिसळू नका. मध्ये ज्योत गेली तरी पाणी चालूच ठेवा, वेळ पाण्याची मोजायची आहे. शिवाय गिझरच्या पुढच्या छोट्या खिडकीतून ज्योत बघा. सगळी निळी आहे का, कुठे पिवळी दिसते का? आणि ड्राय बाल्कनी उघडी आहे की बंद, तेही लिहा. मुंबईत अर्ध्या ड्राय बाल्कन्यांचं लोकांनी कपाट केलेलं असतं.

गिझरचं झाकण तुम्ही उघडू नका. गॅसच्या पाइपला, नटाला हात लावू नका, ते काम अधिकृत माणसाचं. पाण्याच्या बाजूचं बघायला हरकत नाही.

आता भांडुपकर. वॉचमन चोर आल्याचं ओरडून सांगतो म्हणून तुम्ही वॉचमनलाच घरी पाठवलंत. ती पिन बायपास आहे म्हणजे ज्योत खरोखर विझली तरी सोलेनॉइड उघडाच राहणार आणि कच्चा गॅस येत राहणार. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर स्लॅबखाली जमतो. हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते, आणि ठिणगी टाकायचं यंत्र तुम्ही तिथेच टांगून ठेवलंय. आजपर्यंत काही झालं नाही कारण आजपर्यंत तुमची ज्योत विझली नाही, बाकी काही नाही. आज संध्याकाळी गिझरचा गॅसकॉक बंद करा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.

भांडुपचा_जुगाडू:

काका एवढं चिडायला काय झालं. बंद केला कॉक. बघतो.

गिरगावची_डॉक्टरीण:

काकांनी ज्योतीचा रंग विचारला म्हणून मध्ये बोलते. पिवळी ज्योत, भांड्याला किंवा गिझरच्या वरच्या तोंडाला काजळी, याचा अर्थ गॅस पुरता जळत नाहीये आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत असू शकतो. त्याला ना वास, ना रंग. गॅसला जो कुजका वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, जळल्यावर तो राहत नाही, त्यामुळे "वास येत नाही म्हणजे ठीक आहे" हे इथे लागू नाही. हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पायातली शक्ती गेल्यासारखं वाटणं, अशी सुरुवात होते आणि माणसाला वाटतं की पित्त झालं.

करोनापासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहेत. या विषबाधेत त्यांच्यावर विसंबू नका. रक्तात ऑक्सिजन आहे की हा वायू, हा फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही, तो खुशाल ९८ दाखवत बसतो. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि थेट हॉस्पिटल गाठा. स्नेहा, घरात कोणाला आंघोळीनंतर गरगरतं का, हे नीट विचारून घे. वयस्कर माणसं "काही नाही गं" म्हणून सोडून देतात.

स्नेहा_मुलुंड:

काका, डॉक्टर, खूप आभार. रविवारी सगळं करून बघितलं. मिस्टर बादली धरून आणि मी मोबाइल धरून.

खालच्या नळाने बादली ११० सेकंदांत भरली, ज्योत हलली नाही. हँडशॉवरने तीच बादली भरायला २२५ सेकंद लागले, आणि सव्वा मिनिटाच्या आसपास ज्योत गेली. जायच्या आधी पाणी इतकं कढत होतं की मिस्टरांनी बादलीसकट हात मागे घेतला. त्यांचं "तुम्हाला वापरता येत नाही" तेव्हापासून बंद आहे.

मग तुम्ही म्हणालात तसं पाण्याच्या बाजूला बघितलं. आमच्या सोसायटीच्या प्लंबरला बोलावून गिझरच्या पाण्याच्या इनलेटची जाळी काढली. बोटाच्या पेराएवढी असेल, तिच्यात गंजाचे पापुद्रे आणि बारीक वाळू गच्च. नवरात्राच्या आधी सोसायटीने वरची टाकी धुतली होती, तेव्हा ढवळलेला सगळा गाळ इथे आलेला दिसतो. दुसरं म्हणजे हँडशॉवरच्या पाइपच्या तोंडाशी प्लास्टिकची एक हिरवी चकती निघाली, मध्ये सुईचं भोक. प्लंबर म्हणाला ही पाणी वाचवायची चकती आहे, हायप्रेशरवाल्यांसाठी.

ज्योत बघितली. उजवीकडे निळी. डावीकडच्या टोकाला दोन-तीन पट्ट्या पिवळ्या आहेत आणि जरा नाचतात.

बाल्कनीबद्दल काय लिहू! पावसाची झड आत येते म्हणून जूनमध्ये ग्रिलला बाहेरून जाड प्लास्टिक बांधलं होतं. ते अजून तसंच आहे. आता पाऊस गेला तरी कबुतरं येत नाहीत म्हणून कोणी काढलं नाही. सासूबाईंना विचारलं, गरगरत नाही म्हणतात. पण आमच्या भांडीवाल्या मावशी तिथे मशीनचे कपडे काढतात, त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या गॅलरीत डोळं चुरचुरत्यात माझं." हे त्यांनी आधीही एकदा सांगितलं होतं, मला वाटलं साबणाच्या पावडरीने होत असेल.

बॉयलरवाले_काका:

प्लास्टिक आजच्या आज काढा. हे वाचून झालं की लगेच. कबुतरांसाठी जाळी लावा, हवा येऊ-जाऊ दे. आणि पिवळ्या पट्ट्या जाईपर्यंत गिझर लावायचा नाही, सासूबाईंना दोन दिवस शेगडीवर पाणी तापवून द्या. कोमट पाणी बादलीत भरून बादली दुसऱ्या उंच स्टुलावर ठेवली की वाकावं लागत नाही. मावशींना म्हणावं, तुम्ही आमच्याआधी ओळखलंत.

पिवळी ज्योत म्हणजे तिथे गॅसला हवा पुरत नाही. एक तर बंद बाल्कनी. दुसरं, खाली वॉशिंग मशीन, वर दोरीवर कपडे, म्हणजे कापसाचे तंतू उडणार आणि बर्नरच्या हवेच्या भोकात जाऊन बसणार. कोळ्याला ती भोकं विशेष आवडतात. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून बर्नर उतरवून ब्रशने साफ करून घ्या आणि वरची तांब्याची कॉइल खालून बघायला सांगा, तिच्या पात्यांत काजळी अडकली असेल तर धूर वर जात नाही. धुराचा पाइप बाहेर काढलेला आहे ना, तेही बघा. हे पैसे द्यायचे पैसे. सर्किटचे अडीच हजार ठेवा खिशात.

आता तुमचे आकडे. हिशोब बघून मला जुन्या दिवसांची आठवण झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

गिझरवर सहा लिटर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ टाकी सहा लिटरची असा नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी तो २५ अंशांनी तापवतो, असा आहे. सहा गुणिले पंचवीस, दीडशे. ज्योत पूर्ण असेल तर हे दीडशे बदलत नाहीत. पाणी कमी गेलं की तेवढीच उष्णता कमी पाण्यात शिरते. तुमच्या नळाने मिनिटाला साडेपाच लिटर पाणी येतं, म्हणजे ते २७ अंशांनी तापेल. टाकीतलं पाणी २८ धरा, बाहेर येईल ५५. मिस्टर त्यात बादलीत थंड ओतून घेत असतील. हँडशॉवरने येतात २.७ लिटर. दीडशेला २.७ ने भागा, ५५ च्या वर वाढ. म्हणजे बाहेर येणारं पाणी ८३-८४ अंश! थर्मोस्टॅटने गॅस तोडला नसता तरच नवल. त्यात ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवरची टाकी अकरापर्यंत तापलेली, म्हणजे सुरुवातच दोन-चार अंश वरून. थंडीच्या देशात बनवलेल्या पुस्तकात ही अडचण सापडत नाही, मुंबईत ती घरोघरी आहे. इथे गिझर कमी पडत नाही, जास्त होतो.

यात माणूस काय करतो? पाणी चटका देतं म्हणून थंडाचा नळ थोडा उघडतो. आंघोळीला ते बरोबर वाटतं, पण गिझरला ते मारतं. शॉवरच्या तोंडातून एकूण जाणार २.७ लिटरच. त्यात एक लिटर थंड घुसलं तर गिझरमधून जाणारं पाणी उरलं १.७. आता एक तर ते आणखी उकळणार, नाहीतर डायफ्रॅमच बसणार. बहुतेक गिझरना चालू राहायला मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणून तुम्हाला दोन प्रकार दिसले. कधी थर्मोस्टॅट तोडतो, तेव्हा नुसती टकटक होते कारण तो अजून निवलेला नसतो. कधी पाणीच कमी पडतं, तेव्हा टकटकही नसते.

तेव्हा चकती फेकून द्या. जाळी दर टाकी धुण्यानंतर काढून धुवा. गिझरवर सूर्य आणि बर्फाचं चित्र असलेला खटका असेल तर तो सूर्यावर ठेवा, त्याने बर्नरचा काही भाग बंद राहतो. त्यानंतर गॅसचा नॉब फिरवून ज्योत बारीक करा, आणि पाणी हवं तेवढंच गरम होईल तिथे थांबा. शॉवरला फक्त गरम नळ, पूर्ण उघडा. थंड मिसळायचं नाही. पाण्याचा नॉब मात्र बारीक करू नका, त्याने पाणी कमी होऊन तेच दुखणं परत येईल.

एवढं करूनही विझलं तर मग डायफ्रॅम बघायचा. चार-पाच वर्षांत रबर कडक होतं, भेगा पडतात. तो स्वस्तातला भाग आहे. महापालिकेचं पाणी तलावांचं, त्यात क्षार फार नाहीत, म्हणून कॉइल आतून चोंदली असेल असं वाटत नाही. सोसायटी बोअरचं किंवा टँकरचं पाणी टाकीत सोडत असेल तर तेवढं कळवा.

पार्ल्याचा_परदेशी:

काकांचा थर्मोस्टॅटवाला मुद्दा वाचून राहवलं नाही. मी न्यू जर्सीत असतो. इथे घर तापवायला तळघरात गॅसची फर्नेस असते, पाण्याऐवजी हवा तापवून पंख्याने खोल्याखोल्यांत पाठवते. मागच्या जानेवारीत ती अशीच करायची. पेटायची, काही मिनिटं चालायची, ज्योत जायची, पंखा मात्र फिरत राहायचा. बाहेर बर्फ आणि घरात आम्ही कानटोप्या घालून. तपासणीला आलेल्या माणसाने सर्किट वगैरे काही न बघता हवेचा फिल्टर ओढून काढला. धुळीने गोधडी झाली होती त्याची. हवा कमी गेली, आतलं लोखंड तापलं, लिमिट स्विचने गॅस तोडला. म्हणजे तुमच्या इनलेटच्या जाळीचंच थोरलं भावंड.

त्याच्या आदल्या वर्षी वेगळं होतं. पेटून चार-पाच सेकंदांत जायची, परत पेटायची, परत जायची, आणि तिसऱ्या वेळेला लॉक होऊन बसायची. ती काकांची काजळीवाली पिन. बारीक स्टील वूलने पुसली, लागली कामाला. इथे माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांनी या एका पिनेसाठी अख्खं कंट्रोल बोर्ड बदलून घेतलंय. मेकॅनिक सगळीकडे सारखेच.

बॉयलरवाले_काका:

बरोबर. हवा काय, पाणी काय, उष्णता उचलून न्यायला कोणीतरी लागतंच. तळघरात फर्नेस म्हणताय तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय ना?

पार्ल्याचा_परदेशी:

हो काका, इथे सक्तीच आहे.

स्नेहा_मुलुंड:

प्लास्टिक त्याच दिवशी काढलं. बुधवारी सर्व्हिसवाला आला, अधिकृत. बर्नर उतरवल्यावर आतून कपड्यांच्या धाग्यांची बोळाभर गादी निघाली, डावीकडच्याच टोकाला. कॉइल ठीक आहे म्हणाला. आता ज्योत पूर्ण निळी, एका रेषेत. चकतीशिवाय आणि धुतलेल्या जाळीने हँडशॉवरची बादली १४० सेकंदांत भरते. सूर्याचा खटका होता, तो बर्फावरच होता कारण आम्हाला वाटायचं ते नुसतं चित्र आहे. सासूबाईंची आज अख्खी आंघोळ झाली, केस धुऊन. नॉबवर मी नेलपॉलिशने लाल ठिपका दिलाय, त्याच्या पुढे न्यायचा नाही अशी घरात तंबी आहे. मावशींच्या डोळ्यांची चुरचुरही थांबली म्हणे, पण त्या अजून गिझरकडे तिरक्या नजरेनेच बघतात.

डोंबिवली_फास्ट_नव्हे_स्लो:

काका, याच धाग्यात विचारतो. सांगलीला भावाकडे सिलिंडरवरचा गिझर नुसता पडून आहे, चांगल्या स्थितीत. आमच्याकडे आता पाइपचा गॅस आलाय. तोच आणून जोडला तर चालेल? दिसायला तर एकसारखेच दिसतात.

बॉयलरवाले_काका:

नाही. दिसायला सारखे, आत नाहीत. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात पाइपच्या गॅसच्या अडीच-तीन पट उष्णता असते, शिवाय दाबही जास्त, साधारण ३० मिलिबार. पाइपचा २१ च्या आसपास. म्हणून सिलिंडरच्या गिझरचे नोझल बारीक भोकाचे असतात. पाइपवर लावलात तर ज्योत मिणमिणती होईल, बर्नरवर धरणार नाही, सारखी विझेल, आणि मग कोणीतरी येऊन तुम्हाला बायपास सुचवेल. उलट केलंत, म्हणजे पाइपचा गिझर सिलिंडरवर, तर ज्योत झाकणाबाहेर येईल. कोपऱ्यावरचा मेकॅनिक ड्रिलने भोकं मोठी करून देतो म्हणेल, त्याला उंबरठ्याबाहेरच ठेवा. पीएनजीसाठी, म्हणजे पाइपच्या गॅससाठी बनवलेलाच घ्या, पाटीवर लिहिलेलं असतं, आणि लिटर बघताना मोठा आकडा बघून भुलू नका. आंघोळीला सहाचा पुष्कळ होतो. सांगलीचा गिझर सांगलीतच वापरू दे भावाला, फक्त बाथरूमच्या बाहेर लावायला सांगा.